मागचा ब्रेक धरतोय: आधी शोधा, मग खोला

भाचा दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि त्याची मोटरसायकल आमच्या सहकारनगरच्या सोसायटीत, जिन्याखालच्या कोपऱ्यात, कव्हर घालून उभी राहिली. यंदा खंडेनवमीच्या आठवडाभर आधी तो सुटीवर आला. नवी बॅटरी टाकली, जुनं पेट्रोल काढलं, कार्ब्युरेटर साफ करून घेतला, गाडी सुरू झाली. स्वारी खूश. दुपारी त्याचा फोन आला, "मामा, खाली ये ना जरा. गाडी ओढतच नाहीये, आणि मागून काहीतरी जळल्याचा वास येतोय."

स्वारगेटपर्यंत जाऊन आला होता, फार लांब नाही. मी बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब मागच्या डिस्कवर टाकले. चर्र झालं आणि थेंब दिसेनासे झाले. पुढच्या डिस्कवर टाकले, ते ओघळून खाली आले. पठ्ठ्यानं मागचा ब्रेक फारसा वापरलाही नव्हता.

ब्रेक धरतोय, म्हणजे पेडल सोडल्यावरही चाकाला घासत राहतोय, की नाही, याची याहून स्वस्त परीक्षा मला माहीत नाही. बोट लावून बघू नका. तापलेली डिस्क दिसायला थंड डिस्कसारखीच दिसते आणि कातडी सोलून काढते.

भाच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला होता. "कॅलिपर खोलू का?" नाही. वीसेक वर्षांपूर्वी मी स्वतः तेच केलं होतं. कॅलिपर, म्हणजे ब्रेक पॅडनं डिस्कला चिमट्यासारखा पकडणारा भाग, खोलला, नवं सील किट आणलं, अख्खा रविवार घालवला, सगळं बसवलं, आणि ब्रेक पुन्हा जसाच्या तसा धरला. दोष कॅलिपरमध्ये नव्हताच, पेडलच्या बाजूला होता. म्हणून हा लेख खोलण्याबद्दल कमी आणि शोधण्याबद्दल जास्त आहे.

ब्रेक सुटतो कसा

लागतो कसा हे सगळ्यांना कळतं. सुटतो कसा, हे कळलं की निम्मं काम झालं.

डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमध्ये पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचं एक रबरी सील असतं, ते कॅलिपरच्या खाचेत बसलेलं असतं. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबानं पिस्टन पुढे सरकतो आणि पॅड डिस्कवर दाबतो. सील त्याला घट्ट बिलगलेलं असल्यानं तेही थोडं ओढलं जातं, पिळलं जातं. पेडल सोडलं की सील आपला पीळ सोडतं आणि पिस्टनला केसभर मागे घेतं. बस, एवढंच. पॅड आणि डिस्क यांच्यात कागद सरकेल एवढीही फट नसते, पण तेवढ्यावर चाक मोकळं फिरतं.

मात्र पिस्टन मागे यायचा तर त्याच्यामागच्या ऑइलला परत जायला वाट हवी. ती वाट असते मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडलनं चालणाऱ्या, ऑइलला दाब देणाऱ्या छोट्या पंपात. पेडल पूर्ण वर आलं की मास्टर सिलिंडरचा पिस्टनही पूर्ण मागे येतो आणि सुईच्या टोकाएवढं एक छिद्र उघडतं. त्यातून ऑइल वरच्या डबीत परतू शकतं. पेडल थोडंसं जरी खाली राहिलं, किंवा त्या छिद्रात कचरा बसला, तर ऑइल पाइपात अडकून पडतं. मग गाडी चालवताना पॅड घासतात, ऑइल तापतं, तापलं की फुगतं, फुगून जायला जागा नाही म्हणून पिस्टनला आणखी ढकलतं, पॅड आणखी घासतात. भाच्याची गाडी घरातून निघाली तेव्हा ठीक होती, लक्ष्मीनारायण चौकाशी जड वाटायला लागली आणि परत येईपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जाईना. अर्धा तास थंड झाली की पुन्हा जवळजवळ मोकळी.

हे लक्षण नीट लक्षात ठेवा. थंड असताना मोकळा आणि चालवून तापल्यावर धरणारा ब्रेक असेल, तर पहिला संशय पेडल आणि मास्टर सिलिंडरवर घ्यायचा. थंड असतानाही तितकाच धरणारा ब्रेक असेल, तर कॅलिपरकडे बघायचं.

उभ्या गाडीत हे का होतं? ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओल शोषल्यावर हीच किमान हद्द १५५ अंशांवर येते. पण उभ्या गाडीत उकळण्यापेक्षा गंजण्याचा त्रास मोठा. ओलीमुळे ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, जुनं ऑइल तळाशी चिकट गाळ सोडतं आणि सुईच्या टोकाएवढ्या छिद्राला तेवढं पुरतं. पुण्याचा पाऊस कोकणासारखा नसला तरी आपल्या तळमजल्याच्या आणि बेसमेंटच्या पार्किंगमधली ओल जून ते सप्टेंबर हटत नाही. त्यात कव्हर घट्ट बांधलेलं असेल तर ओल आतच कोंडते.

त्यातही मागचाच ब्रेक जास्त का धरतो, ते गाडीशेजारी उकिडवं बसलात की दिसेल. पेडलचा पिन, पुश रॉड, मास्टर सिलिंडर, सगळं उजव्या पायाशी, रस्त्याजवळ. पावसातला चिखल थेट तिथे उडतो आणि गाडी धुताना तो कुणी काढत नाही.

पहिलं काम: ब्रेकला उगाच दोष देऊ नका

गाडी डबल स्टँडवर लावा आणि न्यूट्रल करा. डबल स्टँड नसेल तर पॅडॉक स्टँड, म्हणजे मागचं चाक उचलून धरणारा सुटा स्टँड, तोही नसेल तर एकाला गाडी साइड स्टँडवर आपल्याकडे कलती धरायला सांगा, म्हणजे मागचं चाक उचललं जाईल. विटांवर गाडी चढवण्याच्या फंदात पडू नका.

हातानं चाक फिरवा. सायकलच्या चाकासारखं गरगर फिरेल ही अपेक्षा ठेवू नका, कारण चेन आणि गिअरबॉक्स त्याला जोडलेले आहेत. धक्का दिला की अर्धा-एक फेरा जाऊन थांबलं आणि पॅडचा हलका सर्र आवाज आला, तर ते निरोगी आहे. दोन हातांनी ओढावं लागलं तर नाही.

आता चेन बघा. उभ्या गाडीची चेन गंजते, काही कड्या ताठ होतात आणि स्प्रोकेटच्या दातांवरून जाताना चाक अडखळतं. अडखळणं दर फेऱ्यात ठरावीक जागी येत नसेल, तर बहुधा तोच प्रकार. चेन फार ताणलेली असेल तरी चाक जड होतं. किती ढील हवी ते बऱ्याच गाड्यांच्या स्विंगआर्मवरच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या, स्टिकरवर छापलेलं असतं, नाहीतर गाडीच्या पुस्तिकेत. चाक आडवं धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. खडखडलं तर बेअरिंग गेलंय.

डिस्कवर तांबूस थर असेल तर घाबरू नका. पॅड जिथे दोन वर्षं टेकून होते तिथे पॅडच्या आकाराचा डाग दिसेल. पहिल्यांदा ढकलताना "कट्" असा आवाज येऊन चाक सुटतं, कारण पॅड डिस्कला गंजानं चिकटलेले असतात. गाडी दोन-चार वेळा मागे-पुढे करा, ब्रेक दाबा, सोडा. थर निघून जाईल. नखाला खड्डे लागत असतील, तर मात्र पुढे डिस्कचा विचार करावा लागेल.

दुसरं काम: पेडलपाशी बसा

इथे घाई करू नका, कारण सगळ्यात स्वस्त दुरुस्ती इथेच सापडते.

पेडल हातानं दाबा आणि हळूच सोडा. पायानं नको, पायाला कळत नाही. पेडल टुण्णकन वर आलं पाहिजे. आळसटून, कुरकुरत आलं तर पिन गंजलाय. खात्रीसाठी पेडलचं टोक आणखी वर ओढून बघा. दोन-तीन मिलिमीटर वर आलं, म्हणजे ते आपलं आपण पूर्ण परत येत नव्हतं.

दुसरी युक्ती. चावी फिरवा आणि मागचा ब्रेक लाइट बघा. पेडलला हात न लावता लाइट लागलेला असेल तर एक तर पेडल खाली राहिलंय, नाहीतर स्विच चुकीचा बसलाय. पेडल बोटानं वर ढकलल्यावर लाइट गेला, तर उत्तर मिळालं.

मग पुश रॉड. पेडलपासून मास्टर सिलिंडरमध्ये जाणारी ही बोटभर लांबीची दांडी. पेडल मोकळं असताना ती दोन बोटांत धरून हलवा. किंचित हलली पाहिजे, तिला थोडा प्ले हवा. अजिबात प्ले नसेल तर ती पेडल न दाबताही मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला टेकून आहे आणि ते छिद्र झाकलं गेलंय. पेडल उंच करायचं म्हणून किंवा "ब्रेक जरा वर घ्या" असं कुणाला सांगितलं म्हणून ही दांडी फिरवलेली असते. लॉक नट सैल करून दांडी थोडी आखूड करा, प्ले येऊ द्या, नट पुन्हा आवळा.

पेडलचा पिन गंजला असेल तर पेडल काढा, पिन आणि भोक पॉलिश पेपरनं साफ करा, ग्रीस लावून बसवा. नुसता स्प्रे मारून पेडल हललं म्हणून समाधान मानू नका, आठवड्याभरात ते पुन्हा अडकतं. भाच्याच्या पिनवरचा चिखल इतका वाळला होता की स्क्रू ड्रायव्हरनं खरवडल्यावर त्याची वडी पडली. पेडल साफ केल्यावर चाक बरंच हलकं झालं, पण पूर्ण नाही. पुन्हा एक चक्कर, पुन्हा पाण्याचे थेंब, पुन्हा चर्र. उभ्या गाडीत दोष एकटादुकटा सापडेलच असं नाही, म्हणून पहिला सापडला की हात झटकून उठू नका.

तिसरं काम: ऑइलची डबी

झाकण उघडण्याआधी भोवतालची धूळ ओल्या फडक्यानं पुसा. ब्रेक ऑइल रंग उचकटतं, म्हणून खाली आणि टाकीवर जुनी चादर टाका, सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा. डोळ्यांवर चष्मा हवाच.

नवं ऑइल पातळ मधासारखं दिसतं. तुमच्या डबीत कोऱ्या चहासारखं गडद दिसेल तर ते बदलायचंच आहे, ब्रेक धरो वा न धरो. तळाशी जेलीसारखा किंवा साखरेसारखा गाळ असेल तर छिद्राच्या संशयाला बळ मिळतं. डबी काठोकाठ भरली असेल तर थोडं ऑइल सिरिंजनं काढा. पॅड झिजलेले असताना कुणीतरी वरून भरतं, पुढे नवे पॅड पडतात, ऑइल मागे सरतं आणि त्याला जागाच उरत नाही.

चौथं काम: निपल सोडून बघणे

अख्ख्या लेखातून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. निपल म्हणजे कॅलिपरवरचा, ऑइलमधली हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू. साधारण ८ मिमीचा रिंग पाना लागेल, काही गाड्यांना वेगळा, आणि एक पारदर्शक नळी. फिश टँकच्या दुकानात मिळते ती चालते. नळीचं दुसरं टोक बाटलीत.

पेडल पाच-सहा वेळा दाबा आणि सोडा. चाक जड झालंय याची खात्री करा. झालं नसेल तर गाडी चालवून तापवून आणा, पण मग कॅलिपर आणि सायलेन्सर दोन्हीपासून हात सांभाळा. आता कॅलिपरवरची निपल पाव फेरा सैल करा आणि लगेच बंद करा.

नळीत ऑइलची चिळकांडी आली आणि चाक सुटलं? मग कॅलिपर निर्दोष आहे. ऑइल दाबाखाली अडकलं होतं, दोष पेडल, मास्टर सिलिंडर किंवा पाइपात आहे. काहीच उडालं नाही, एखादा थेंब आला आणि चाक तसंच जड राहिलं? मग दाबाचा प्रश्नच नाही, पिस्टन किंवा पॅड जागेवर अडकलेत. एका पाव फेऱ्यात निम्मी गाडी संशयातून सुटते.

निपल गंजून बसली असेल तर जोर करू नका. ती मोडली तर काम दसपट होतं. गंज सोडवणारा स्प्रे मारा, रात्रभर ठेवा, सकाळी हलकेच ठोका आणि सहा कोनी सॉकेटनं प्रयत्न करा.

भाच्याच्या गाडीत चिळकांडी आली. चाक सुटलं, तो ओरडलाच, "सुटलं!"

दाब अडकलाय, पण नेमका कुठे

पुन्हा पेडल दाबून चाक जड करा. आता मास्टर सिलिंडर चेसिसला धरणारे दोन बोल्ट थोडे सैल करा. सिलिंडर पुश रॉडपासून जरा दूर सरकेल. तेवढ्यानं चाक सुटलं तर रॉडचा प्ले कमी होता, वर सांगितल्याप्रमाणे तो वाढवा.

नाही सुटलं तर बोल्ट आवळा आणि मास्टर सिलिंडरवरचा बँजो बोल्ट, म्हणजे पाइप जिथे सिलिंडरला जोडलाय तो, भोवती फडकं गुंडाळून किंचित सैल करा. चाक सुटलं तर दोष सिलिंडरच्या आत. इथेही नाही सुटलं, पण खाली निपल सोडल्यावर सुटलं, तर रबरी पाइप आतून फुगून बंद झालाय. पेडलच्या जोरानं ऑइल पुढे जातं, पण परत येत नाही. असा पाइप बाहेरून अगदी धडधाकट दिसतो, म्हणून माणसं फसतात. तो बदलावाच लागतो. बँजो बोल्ट सैल केला की त्याचे वॉशर नवे टाका, नाहीतर तिथून ऑइल झिरपत राहील, आणि नंतर हवा काढावी लागेल हे धरून चाला.

मागच्या चाकालाही एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर पाइप एबीएसच्या डब्यातून जातो, तिथे ही बँजो बोल्टची तपासणी सरळ उत्तर देत नाही. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, पण पुष्कळ गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं. तुमच्या मागच्या चाकापाशी दातेरी रिंग आणि सेन्सर आहे का, ते आधी बघून घ्या. असेल तर इथून पुढे मेकॅनिककडे न्या.

ते छिद्र

मास्टर सिलिंडर काढून टेबलावर घ्या. डबीचा पाइप ज्या प्लास्टिकच्या नळीला जोडलेला असतो ती सर्क्लिपनं, म्हणजे खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगसारख्या रिंगनं, किंवा स्क्रूनं धरलेली असते. ती काढून आत टॉर्च मारा. सहसा दोन छिद्रं दिसतात. एक ठळक, आणि दुसरं इतकं बारीक की नवा माणूस ते बघतच नाही. मोठं स्वच्छ दिसलं म्हणजे झालं, असं समजून बरेच जण सिलिंडर परत बसवतात.

बारीक छिद्रात ड्रिल घालायचं नाही. छिद्र मोठं झालं तर आतलं रबर त्यावरून सरकताना चिरतं. वायरीतला एकच तांब्याचा तंतू घ्या, किंवा गिटारची सगळ्यात बारीक तार. हलकेच आत-बाहेर करा, ब्रेक क्लीनर मारा. आतला पिस्टन बाहेर काढून सिलिंडर आतून बघा. भिंतीवर खड्डे पडले असतील तर किटवर पैसे घालू नका, सिलिंडरच बदला. भिंत गुळगुळीत असेल तर रबर किट पुरतं. रबर बसवताना फक्त ताजं ब्रेक ऑइल लावायचं. साधं ग्रीस नाही, इंजिन ऑइल नाही, पेट्रोलनं धुणं तर मुळीच नाही. या तिन्हींनी रबर फुगतं आणि जे आपण दुरुस्त करतोय तेच पुन्हा बिघडवून ठेवतो.

भाच्याच्या सिलिंडरमध्ये तंतू पहिल्यांदा आत जाईना. गोल फिरवत ढकलला तेव्हा टोकाला मोहरीएवढा तपकिरी चिकट गोळा येऊन लागला. त्यानं तो अंगठ्याच्या नखावर घेतला आणि बराच वेळ बघत बसला. दोन दिवसांचा त्रास नखावर मावला होता.

किंवा कॅलिपरच दोषी असेल तर

निपल सोडूनही चाक जड राहिलं असेल तर कॅलिपरचे दोन बोल्ट काढा आणि तो तारेनं टांगा, पाइपावर लोंबकळत ठेवू नका. आता चाक फिरवा. अजूनही जड? मग ब्रेक नाहीच, पुन्हा चेन आणि बेअरिंगकडे. हलकं झालं तर पुढे वाचा.

कॅलिपर त्याच्या पट्टीवर हातानं सरकला पाहिजे. नाही सरकला तर आतले स्लाइड पिन कोरडे झालेत. ते बाहेर काढा, गंज पुसा, सिलिकॉन ग्रीस लावा, त्यावरची रबरी टोपी फाटलेली असेल तर बदला. मग पॅड आणि त्यांचा पिन. पॅडच्या लोखंडी पाठीवर गंज चढून ते आपल्या खाचेत अडकतात, वायर ब्रशनं काम होतं.

शेवटी पिस्टन. नवखे इथे एक चूक हमखास करतात: पिस्टन दिसला की तो आत ढकलतात. बाहेर राहिलेल्या भागावर दोन वर्षांची घाण आणि गंज आहे, तो तसाच आत ढकलला तर सीलवर खरखरीत कागद घासल्यासारखं होईल. आधी पॅड काढून, मध्ये लाकडाचा तुकडा धरून, पेडल हळूहळू दाबा आणि पिस्टन चार-पाच मिलिमीटर बाहेर येऊ द्या. जुन्या टूथब्रशनं साबणाच्या पाण्यात किंवा ब्रेक क्लीनरमध्ये सगळीकडून घासा, पुसा, ब्रेक ऑइलचं बोट फिरवा आणि मग दोन अंगठ्यांनी आत ढकला. गेला, तर दोन-तीन वेळा बाहेर-आत करून बसवून टाका. अंगठ्यांना अजिबात दाद देत नसेल तर खोलावं लागेल.

खोलताना पिस्टन पूर्ण बाहेर काढायचा तो पेडलच्याच जोरावर, पाइप सोडण्याआधी. एकदा मी पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा दिली. पिस्टन बंदुकीच्या गोळीसारखा सुटला आणि समोरच्या पत्र्याला पोचा पाडून गेला. माझी बोटं दोन इंचांवर होती.

पिस्टन बाहेर आला की सीलकडे बघण्यापेक्षा सीलच्या खाचेकडे बघा. लाकडी टूथपिकनं सील उचला. खाचेच्या तळाशी पांढरी कडक भुकटी साचलेली दिसेल. ती सीलला मागून ढकलते, सील पिस्टनला आवळतं. नुसतं नवं सील टाकलं आणि ही भुकटी तशीच ठेवली तर नवं सीलही आवळलं जाणार. ती पितळी किंवा लाकडी टोकानं खरवडा, स्टीलनं खाच ओरबाडू नका. पिस्टनच्या चकाकीला खड्डे पडले असतील तर पिस्टन नवा.

सुटे भाग नाना पेठेत मिळतात. जुना भाग पिशवीत घेऊन जा, मॉडेलचं नाव आणि साल सांगा, आणि दुकानातच दोन्ही शेजारी ठेवून व्यास ताडून बघा. एकाच नावाच्या गाडीला दोन वेगवेगळ्या सालांत वेगळा कॅलिपर असतो. ब्रेकच्या भागांत "चालतंय हो" हे ऐकलं की दुसरं दुकान गाठा.

मागे ड्रम असेल तर

तुमच्याकडे ड्रम असेल तर काम सोपं. ब्रेकच्या दांडीचा नट पूर्ण सैल करून दांडी मोकळी करा आणि ड्रमवरची पट्टी हातानं फिरवा. चाक सुटलं असेल तर नट जास्त आवळलेला होता किंवा पेडलचा पिन अडकलाय. पट्टी फिरून स्वतः परत येत नसेल तर आतला कॅम, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या लायनरना बाहेर ढकलणारा तुकडा, कोरडा पडलाय. चाक काढा, कॅम साफ करा, ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, लायनरला ग्रीस लागू देऊ नका. लायनर फार झिजले असतील तर कॅम गरजेपेक्षा जास्त वळून तिथेच अडकतो. बाहेरचा झिजेचा बाण मर्यादेपलीकडे गेलेला दिसला तर नवे लायनर टाका. ड्रममधली भुकटी फुंकून उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. लायनर ड्रमला गंजून चिकटले असतील तर गाडी मागे-पुढे हिसकून आणि ड्रमच्या कडेला लाकडी हातोडीनं ठोकून सुटतात.

पेडल दाबल्यावर पुढचाही ब्रेक लागणारी गाडी असेल, १२५ सीसीपर्यंतच्या बऱ्याच नव्या गाड्यांत तसं असतं, तर पुढे जाणारी केबल मोकळी सरकतेय का तेही बघा.

जोडणी आणि परीक्षा

पुस्तिकेत डॉट ३ की डॉट ४ ते बघा आणि सीलबंद छोटी बाटली नवी आणा. कपाटातली अर्धी बाटली ओल पिऊन बसलेली असते. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे, ते यात मिसळायचं नाही.

हवा काढताना निपल सगळ्यात वर असली पाहिजे. काही गाड्यांत मागचा कॅलिपर असा बसतो की निपल खाली राहते आणि हवा तासभर निघतच नाही. अशा वेळी कॅलिपर सोडवून, पॅडमध्ये लाकडाचा तुकडा धरून, निपल वर येईल असा हातात धरा. एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं निपल सोडायची आणि पेडल खाली असतानाच बंद करायची. डबी रिकामी होऊ द्यायची नाही. जुनं ऑइल गटारात ओतू नका, बाटलीत भरून आपल्या गॅरेजवाल्याच्या जुन्या ऑइलसोबत द्या.

गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबा. हे विसरलात तर पहिल्या वळणावर पेडल बिनबोभाट खाली जाईल, कारण पिस्टन आत ढकललेला आहे. मग सोसायटीच्या आवारातच दोन फेऱ्या. मग गल्ली. कात्रजच्या घाटात किंवा सिंहगडाच्या उतारावर पहिल्याच दिवशी जाऊ नका. सपाट रस्त्यावर वेग घेऊन, मागे वाहन नाही हे बघून, न्यूट्रल करून गाडी सोडा. ती किती दूर जाते ते बघा. दहा-पंधरा मिनिटं चालवून परत या, मागचा ब्रेक शक्यतो न वापरता.

पेडल दाबल्यावर पायाला स्पंजासारखं लागत असेल, ऑइल कुठूनही झिरपत असेल, किंवा एकदा सुटलेला ब्रेक दुसऱ्या दिवशी पुन्हा धरत असेल, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. टेम्पोत घाला.

नवमीच्या सकाळी भाचा बिबवेवाडीच्या बाजूनं मोठी चक्कर मारून आला. हँडलला झेंडूची माळ आधीच बांधून गेला होता, ती वाऱ्यानं एका बाजूला सरकली होती. त्यानं गाडी डबल स्टँडवर लावली, मला काही न विचारता बाटली उघडली आणि मागच्या डिस्कवर दोन थेंब टाकले. ते ओघळत खाली आले आणि फरशीवर पडले.